गरम झऱ्याच्या पाण्यातून लिथियम: नागपुरातून पीएचडी करायची तर मॉडेल कुठून सुरू करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात भूशास्त्रात एमएस्सी झालं आहे, पीएचडीसाठी 'भूऔष्णिक पाण्याचं रासायनिक मॉडेलिंग आणि क्रिटिकल खनिजांचं निष्कर्षण' हा विषय सुचवला गेला आहे, आणि नमुने उनकेश्वर, सालबर्डी व अनहोनीच्या झऱ्यांचे घ्यायचं ठरतंय. पाण्याच्या रसायनाचं मॉडेल करणारं फ्रीक-सी (PHREEQC) हे सॉफ्टवेअर आधी शिकावं की जलाशयातल्या प्रवाहासह रसायन मांडणारं टफ-रिॲक्ट (TOUGHREACT), आणि या पाण्यातून लिथियम खरंच निघेल का, एवढंच तुम्ही विचारलंय.

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण त्यावर पहिला भाग अवलंबून आहे. नाही निघणार. झऱ्याचा प्रवाह सेकंदाला ५ लिटर आणि लिथियम लिटरला ०.१ मिलिग्रॅम धरा. वर्षभराचं सगळं पाणी अडवून त्यातला कण न् कण काढला तरी १६ किलोच्या आत. एका साध्या इलेक्ट्रिक मोटारीच्या बॅटरीत साधारण ८ किलो लिथियम असतं. म्हणजे वर्षाकाठी दोन मोटारी. याउलट सेकंदाला ५० लिटर देणारी विहीर, लिथियम १० मिलिग्रॅम, ८० टक्के वसुली आणि ९० टक्के वेळ यंत्रणा चालू असं धरलं तर वर्षाला सुमारे ११ टन लिथियम, म्हणजे ६० टन लिथियम कार्बोनेट. कॅलिफोर्नियातल्या साल्टन सीच्या ब्राइनसारखं (खोलवरच्या घट्ट खाऱ्या पाण्यासारखं) २०० मिलिग्रॅम असेल तर तेच १,२०० टन होतं. हे गणित सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर टाका. आरआरसीत (विद्यापीठाच्या संशोधन समितीत) कुणीतरी हाच प्रश्न विचारणार आहे, तर तो तुम्हीच आधी मांडलेला बरा.

म्हणून विषय सोडायचा का? तसंही नाही. अडचण सॉफ्टवेअरची नाही आणि झऱ्यांचीही नाही. विषयाच्या नावात दोन वेगळे अर्धे 'आणि' लावून जोडलेत. पहिला अर्धा जमिनीखाली आहे: पाणी किती तापलं, कोणत्या खडकाशी समतोलात आलं, वर येताना काय हरवलं. दुसरा अर्धा जमिनीवर आहे: कोणतं सॉर्बेंट (पाण्यातलं लिथियम पकडून ठेवणारा पदार्थ) वापरायचं, किती वेळा वापरता येतं, कशाने धुवायचं. या जोडविषयाच्या बऱ्याच प्रबंधांत पहिल्या तीन प्रकरणांचा पुढच्या दोन प्रकरणांशी काही संबंध नसतो. पहिल्यात तापमान काढलेलं असतं, दुसऱ्यात शुद्ध लिथियम क्लोराइडच्या द्रावणात सॉर्बेंट बुडवलेलं असतं. परीक्षक नेमका तिथेच बोट ठेवतो.

हे दोन अर्धे खऱ्या अर्थाने एकाच ठिकाणी भेटतात, ते म्हणजे सिलिका (खडकातून पाण्यात विरघळलेलं सिलिकॉन डायऑक्साइड) आणि पीएच. खोलवरच्या तापमानाची खबर देणारी सिलिकाच वर आल्यावर सॉर्बेंटच्या खांबात चिकटून बसते. माझ्या मते तुमचा प्रबंध त्या सांध्यावर उभा राहायला हवा. आता तो कसा, ते आकड्यांनी बघू.

क्वार्ट्झचा नेहमीचा सिलिका थर्मामीटर असा: तापमान = १३०९ ÷ (५.१९ − लॉग सिलिका) − २७३.१५, सिलिका मिलिग्रॅम प्रति किलोमध्ये. सिलिका १०० असेल तर उत्तर १३७ अंश येतं. तेच पाणी क्वार्ट्झऐवजी कॅल्सेडोनीशी (क्वार्ट्झच्याच अतिसूक्ष्म कणांच्या रूपाशी) समतोलात आहे असं धरलं (१०३२ आणि ४.६९) तर ११० अंश. पाणी तेच, विश्लेषण तेच, फरक २७ अंशांचा. यातलं कोणतं खरं, हे फ्रीक-सी सांगणार नाही. १८० अंशांच्या वर बहुधा क्वार्ट्झ, त्याच्या बरंच खाली बरेचदा कॅल्सेडोनी, आणि मधल्या पट्ट्यात खडकावर व पाण्याच्या वयावर अवलंबून, एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं.

आता समजा जलाशय २०० अंशांचा आहे आणि पाणी क्वार्ट्झशी समतोलात आहे. सिलिका २६५ मिलिग्रॅमच्या आसपास. वर आणून १०० अंशांवर फ्लॅश केलं (दाब उतरवून एकदम उकळू दिलं) तर सुमारे १९ टक्के पाण्याची वाफ होते आणि उरलेल्या पाण्यात सिलिका ३२८ होते. अमॉर्फस (स्फटिक नसलेल्या) सिलिकाची विद्राव्यता १०० अंशांना ३६४ आहे, म्हणजे अजून निभावतं. लडाखमधल्या पुगासारख्या ४,४०० मीटर उंचीवरच्या ठिकाणी पाणी ८५ अंशांनाच उकळतं. तिथे वाफ २२ टक्क्यांच्या जवळ, सिलिका ३३८, आणि विद्राव्यता फक्त ३०१. मर्यादा ओलांडली. पाणी आणखी थंड करून ६० अंशांवर सॉर्बेंटमध्ये सोडलं तर विद्राव्यता २१२ उरते, म्हणजे दीडपटीहून जास्त अतिसंपृक्तता. एवढ्या खटाटोपात लिथियम मात्र फक्त १.३ पट गाढ झालं.

अतिसंपृक्त झालं म्हणून सिलिका लगेच बसत नाही. आधी रेणू जुळून साखळ्या होतात, मग कोलॉइड, मग थर. दीडपटीच्या आसपास हे सुरू व्हायला तास लागू शकतात, दुपटीच्या वर आणि पीएच ७ ते ८.५ मध्ये काही मिनिटांत होतं. मीठ जास्त असेल तर वेगही वाढतो आणि विद्राव्यताही घटते. पीएच ५ च्या खाली आणला की ही प्रक्रिया चांगलीच मंदावते, म्हणून कारखान्यांत ॲसिड टाकतात.

आणि इथेच सॉर्बेंट आडवं येतं. मँगनीज ऑक्साइड किंवा टायटेनेटची 'आयन सिव्ह' प्रकारची सॉर्बेंट्स लिथियम घेतात तेव्हा हायड्रोजन आयन सोडतात. त्यांना पीएच वरचा लागतो. ॲल्युमिनियमच्या थरांचं सॉर्बेंट जवळपास उदासीन पीएचला खूश असतं, पण पीएच फार खाली गेला तर त्यातलं ॲल्युमिनियम विरघळायला लागतं, आणि विरघळलेलं ॲल्युमिनियम सिलिकाशी मिळून पुढे कडक ॲल्युमिनोसिलिकेट थर करतं. म्हणजे सिलिका शांत ठेवायला जे करायचं, तेच सॉर्बेंटला नको असतं. कोणत्या तापमानाला, कोणत्या पीएचला आणि किती मिनिटांच्या संपर्कात दोघांचंही भागतं, हा प्रश्न मॉडेलने सोडवण्यासारखा आहे. शिवाय प्रत्येक पाण्यासाठी त्याचं उत्तर वेगळं येतं, म्हणजे पीएचडीला पुरेल इतकं काम आहे.

दोन टोकाची पाणी शेजारी ठेवून बघा. पुगाच्या प्रकारचं पाणी सोडियम-बायकार्बोनेट-क्लोराइड, एकूण क्षार दोन-तीन ग्रॅम प्रति लिटर. समजा लिथियम ७ मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला १ मिलिमोल. मँगनीज सॉर्बेंटने ते सगळं घेतलं तर १ मिलिमोल हायड्रोजन आयन सुटेल. पाण्यात ६०० मिलिग्रॅम बायकार्बोनेट, म्हणजे १० मिलिमोल असेल तर ते सहज पचवेल, पीएच फारसा हलणार नाही. साल्टन सी प्रकारात २०० मिलिग्रॅम लिथियम म्हणजे २९ मिलिमोल हायड्रोजन आयन, आणि बफर जवळजवळ नाहीच. मूळ पीएच ५ च्या आसपास, तो कोसळणार. अल्कली टाकून सावरायला गेलात तर लोह खाली बसणार. तिथे ॲल्युमिनियमचं सॉर्बेंट योग्य, कारण त्याला भरपूर क्लोराइड हवं असतं आणि धुवायला ॲसिडऐवजी पाणी किंवा पातळ लिथियम क्लोराइड चालतं. तेच सॉर्बेंट पुगाच्या गोडसर पाण्यात निकामी ठरतं. 'सर्वोत्तम सॉर्बेंट' शोधणाऱ्या प्रबंधावर माझा विश्वास बसत नाही तो यामुळेच.

पुगा प्रकारातही एक खोच आहे. पाण्यात हायड्रोजन सल्फाइड असलं की ते मँगनीज ऑक्साइडला क्षपित करून विरघळवतं. आर्सेनिक तीन-संयुजी असेल तर तेही तसंच करतं. मग सल्फाइड घालवायला हवा मारली, तर सोबत कार्बन डायऑक्साइडही उडतो, पीएच चढतो आणि कॅल्साइट बसायला लागतं. एक दुरुस्ती केली की पुढची अडचण उभी. ही साखळी क्रमाने मॉडेलमध्ये घातली की प्रबंधाची प्रकरणं आपोआप जुळतात.

आता उनकेश्वर-सालबर्डीचं काय करायचं? ते ठेवा, पण सरावाची आणि तुलनेची ठिकाणं म्हणून. दख्खन ट्रॅपच्या (बेसाल्टच्या पठाराच्या) कडेच्या आणि सातपुड्यातल्या अशा कोमट पाण्यात वरच्या थंड भूजलाची भेसळ बरीच असते. गिगेनबाखच्या १९८८ च्या सोडियम-पोटॅशियम-मॅग्नेशियम त्रिकोणात ती बहुधा मॅग्नेशियमच्या कोपऱ्यात जाऊन बसतात. तिथे बसलेल्या पाण्यावर सोडियम-पोटॅशियम थर्मामीटर लावू नका. तो दणदणीत आकडा देईल, पण त्याला अर्थ नसेल. भेसळ किती, हे उलगडायला मात्र ही ठिकाणं उत्तम आहेत: एक फेरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, एक मे महिन्यात, आणि दोन्ही वेळा जवळच्या साध्या विहिरीचाही नमुना.

नमुना घेताना लोक घाई करतात आणि पुढची तीन वर्षं ती चूक मॉडेलमधून धावत राहते. कुंडातलं पाणी घेऊ नका. लोक आंघोळ करतात, साबण लावतात, फुलं-दूध वाहतात. उगमाचं तोंड शोधा, पहाटे जा. पीएच आणि अल्कलिनिटी जागेवरच. प्रयोगशाळेत मोजलेला पीएच कार्बन डायऑक्साइड उडाल्यानंतरचा असतो. ०.४५ मायक्रॉनमधून गाळा, ॲल्युमिनियमसाठी ०.२. एक बाटली नायट्रिक ॲसिड टाकून पीएच २ च्या खाली, एक बिनॲसिडची, सल्फाइडसाठी झिंक ॲसिटेट टाकलेली वेगळी. सिलिकासाठी जागेवरच दहापट पातळ केलेली एक बाटली ठेवा. सिलिका जास्त असेल तर गार होताना ती बाटलीतच साखळ्या बांधते, आणि मॉलिब्डेटची रंग पद्धत फक्त सुटे रेणू मोजते. मग आयसीपी (सगळी सिलिका मोजणारं प्लाझ्मा यंत्र) एक आकडा देते आणि मॉलिब्डेट दुसरा, आणि दोष यंत्राला लावला जातो. बोरॉन मोजायचं असेल तर बोरोसिलिकेट काच टाळा, प्लास्टिकच वापरा. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत बाटल्या किती तापतात हे नागपूरकरांना सांगायला नको. बर्फाची पेटी न्याच.

प्रयोगशाळेतली एक गोष्ट भूशास्त्रवाल्यांनी विशेष लक्षात ठेवावी. खडकांचे नमुने लिथियम मेटाबोरेट किंवा टेट्राबोरेटमध्ये वितळवून ज्या यंत्रावर चालवले जातात, त्याच यंत्राच्या नळ्यांत लिथियम आणि बोरॉन रेंगाळतं. तुमचं ०.१ मिलिग्रॅम लिथियम कालच्या कुणाच्या तरी बेसाल्टचं असू शकतं. आधी ब्लँक (नमुन्याशिवायचं शुद्ध पाणी), मग नमुने, मध्ये पुन्हा ब्लँक, आणि ब्लँकचे आकडे परिशिष्टात. खाऱ्या ब्राइनसाठी एकूण क्षार ०.२ टक्क्याच्या खाली येईपर्यंत पातळ करा आणि स्टँडर्ड ॲडिशन (नमुन्यातच माहीत असलेलं लिथियम घालून मोजणं) वापरा, कारण सोडियमच्या गर्दीत लिथियमचा सिग्नल हलतो. चार्ज बॅलन्स (धन आणि ऋण आयनांच्या भारातला फरक) ५ टक्क्यांच्या बाहेर गेला तर तो नमुना मॉडेलमध्ये घालू नका, आणि बॅलन्स साधायला क्लोराइड मनाने वाढवू तर अजिबात नका.

आता सॉफ्टवेअर. फ्रीक-सी शिका. ते अमेरिकेच्या भूसर्वेक्षण खात्याचं आहे, फुकट आहे, आणि पायथनमधून चालवता येतं. टफ-रिॲक्ट विकत घ्यावं लागतं आणि त्याला जलाशयाची भूमिती, सच्छिद्रता, पारगम्यता लागते. विहिरीचा डेटा हातात नसेल तर ते आकडे तुम्ही कल्पनेने भराल आणि रंगीत नकाशे मिळवाल. विहिरीचा डेटा मिळणार असेल तर माझं मत बदलेल. पण पहिली दीड-दोन वर्षं तरी फ्रीक-सी पुरतं.

त्याहून महत्त्वाची आहे डेटाबेस फाइल, म्हणजे फ्रीक-सी ज्यातून समतोल स्थिरांक घेतं ती. एलएलएनएलची (अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेची) फाइल ३०० अंशांपर्यंत जाते आणि तिच्यात खनिजं भरपूर आहेत, पण ती ज्या पद्धतीने आयनांची सक्रियता काढते ती साधारण एक मोलल आयनिक स्ट्रेंथच्या (फार खाऱ्या पाण्याच्या) पुढे विश्वासाची नाही. पिट्झर फाइल घट्ट खाऱ्या पाण्याला चालते, तिच्यात लिथियम आहे, सिलिका आहे, पण ॲल्युमिनियम नाही; म्हणजे फेल्डस्पार, चिकणमाती आणि तुमच्या ॲल्युमिनियम सॉर्बेंटचं विरघळणं हे सगळं बाहेर. पुगासारख्या पाण्याला पहिली पुरते, साल्टन सीला दोन्ही अपुऱ्या. एकाच प्रबंधात अर्धी गणितं एका फाइलने आणि अर्धी दुसरीने करून शेजारी ठेवू नका. तीच गणितं दोन्ही फाइलींनी करून फरक दाखवा; तो फरक हाच तुमचा पहिला पेपर होऊ शकतो. सिलिकाच्या साखळ्या बनण्याचा वेग कोणत्याच फाइलमध्ये तयार मिळत नाही, तो फ्रीक-सीच्या रेट्स ब्लॉकमध्ये बेसिक भाषेत स्वतः लिहावा लागतो.

खोलवरचं पाणी परत उभं करताना क्रम असा ठेवा: झऱ्याचं पाणी घ्या, वाफ होऊन गेली असेल तर ती परत मिसळा, उडालेला कार्बन डायऑक्साइड थोडा थोडा घाला, तापमान पायरीपायरीने वाढवा, आणि क्वार्ट्झ, कॅल्साइट, फेल्डस्पार, क्लोराइट यांचे सॅच्युरेशन इंडेक्स (शून्य म्हणजे त्या खनिजाशी समतोल) कोणत्या तापमानाला एकत्र शून्याला येतात ते बघा. चारपैकी तीन रेषा एका ठिकाणी भेटल्या तर बरं. भेटल्या नाहीत तर ॲल्युमिनियमचं विश्लेषण आणि भेसळ या दोन गोष्टी आधी तपासा, बहुतेक वेळा दोष तिथेच निघतो. मग विश्लेषणातली चूक ५ टक्के, पीएच ०.१, समतोल स्थिरांकाच्या लॉगमध्ये ०.२ असं हलवून तीच गणना हजारदा चालवा. 'तापमान १४३ अंश' असं छापण्यापेक्षा '१२५ ते १६०' हे अधिक खरं असतं, आणि तोच पल्ला पुढे सिलिकाच्या गणितात न्यायचा असतो.

सॉर्बेंटच्या प्रयोगांसाठी शुद्ध लिथियम क्लोराइडवर थांबू नका. पुगाच्या प्रसिद्ध विश्लेषणांवरून कृत्रिम पाणी बनवा: आधी सिलिकाशिवाय, मग सिलिकासह, मग सल्फाइडसह. क्षमता पहिल्या फेरीत सगळेच मोजतात. विसाव्या फेरीत किती उरली आणि धुण्याच्या ॲसिडमध्ये मँगनीज किती टक्के गेलं, ते मोजा. १९९० नंतरच्या साल्टन सीच्या प्रयत्नांकडे बघितलं तर ब्राइनमध्ये धातू आहे की नाही हा प्रश्न कधीच नव्हता; प्रश्न होता तो काढण्याची यंत्रणा टिकून चालते का, हा. तिथला जस्ताचा कारखानाही २००४ साली बंद पडला. 

नागपुरात असल्याचा फायदा तुम्ही मोजलेला दिसत नाही. सेमिनरी हिल्सवर भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य क्षेत्राचं कार्यालय आहे, तिथे जुने अहवाल वाचायला अर्ज करा. सिव्हिल लाइन्समध्ये भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय, हिंगण्याला त्यांची खनिज प्रक्रिया प्रयोगशाळा. वर्धा रोडवर नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था), पाण्याच्या विश्लेषणाचा आणि सॉर्बेंटच्या खांबांचा अनुभव असलेली. वाडीला ॲल्युमिनियमचं जवाहरलाल नेहरू संशोधन केंद्र. ॲल्युमिनियमचं सॉर्बेंट गिब्साइटपासून बनतं आणि गिब्साइट कळणारी माणसं तिथे आहेत. मँगनीजसाठी मॉइल ही सरकारी खाण कंपनी. भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गला त्यांचा इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साइडचा कारखाना आहे. मँगनीजचा क्षार आणि लिथियम कार्बोनेट ४०० ते ५०० अंशांवर भाजून आयन सिव्ह बनवणं हे एमएस्सीच्या भट्टीत होण्यासारखं काम आहे. प्रवेश आणि परवानगी कुठे किती सहज मिळेल हे तुमच्या गाइडच्या ओळखींवर आणि विभागाच्या पत्रावर अवलंबून आहे, त्यामुळे ती पत्रं पहिल्याच महिन्यात लिहा.

'क्रिटिकल' शब्दाबद्दल एक सूचना. खाण मंत्रालयाच्या २०२३ च्या ३० खनिजांच्या यादीत लिथियम, पोटॅश, स्ट्रॉन्शियम आणि सिलिकॉन आहेत. सीझियम, रुबिडियम आणि बोरॉन नाहीत. पुगाच्या पाण्यातलं सीझियम रंजक आहे आणि अमेरिकेच्या २०२२ च्या यादीत ते आहेही. तुम्ही ते घेणार असाल तर कोणत्या यादीनुसार, हे शीर्षकाखाली लिहा.

कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा, असा यूजीसीचा २०२२ चा नियम आहे. तीनात बसवायचं असेल तर पुगाला स्वतः नमुने आणायला जाण्याचा हट्ट सोडा आणि प्रसिद्ध विश्लेषणं वापरा; चार-साडेचार वर्षं हातात असतील तर एक फेरी जरूर करा, जून ते सप्टेंबरच्या काळात. दोन्ही वाटांनी सुरुवात एकच: या महिन्यात पुगाचं एक प्रसिद्ध विश्लेषण घ्या, चार्ज बॅलन्स तपासा, वर दिलेली २०० ते ८५ अंशांची सिलिकाची गणना फ्रीक-सीमध्ये करून बघा. हाताने काढलेले माझे आकडे आणि तुमचे आकडे १० टक्क्यांहून जास्त हलले, तर इनपुट फाइल आणि वापरलेल्या डेटाबेसचं नाव इथे टाका, कुठे गडबड आहे ते बघू.